नऊ एकांची संख्या: या चुका टाळा

कागदावर सलग नऊ एक लिहा: ११,११,११,१११. अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. आता हिचे मूळ अवयव काढायला घेतले की पाय घसरायच्या जागा ठरलेल्या असतात.

अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो. भागाकार १,२३,४५,६७९, मधला ८ गायब! इथवर सगळे नीट येतात. या भागाकाराची अंकबेरीज ३७ आणि गंमत म्हणजे त्याला ३७ ने भागही जातो. झालं, वहीत नवी कसोटी: ‘अंकबेरीज ३७ असेल तर ३७ ने भाग जातो.’ हा निव्वळ योगायोग आहे. १९,९९९ ची अंकबेरीजही ३७च, पण ३७ ने भागल्यावर बाकी १९ उरते.

३७ ची खरी कसोटी वेगळी. ९९९ = २७ × ३७, म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून बेरीज करायची: १२ + ३४५ + ६७९ = १०३६, पुन्हा १ + ३६ = ३७. जमलं. पण हे करताना आपले लाख-कोटीचे स्वल्पविराम दगा देतात. त्यांच्याप्रमाणे गट पाडले तर १ + २३ + ४५ + ६७९ = ७४८ आणि त्याला ३७ ने भाग जात नाही. स्वल्पविराम वाचण्यापुरते, कसोटी लावताना खोडून टाका.

३७ ने भागून उरते ३,३३,६६७. लोक ७, ११, १३ लावून बघतात आणि कंटाळून ‘मूळ संख्या’ म्हणून मोकळे होतात. उत्तर बरोबर आहे, पण मी गुण देणार नाही. तिचं वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे. तिथवर १०६ मूळ संख्या आहेत. सगळ्या तपासायची मात्र गरज नाही. ही संख्या ९९,९९,९९,९९९ ला भागते, त्यामुळे फर्माच्या छोट्या प्रमेयावरून (मूळ संख्या p ने १० ला भाग जात नसेल, तर १० च्या p − १ व्या घाताला p ने भागून बाकी १ उरते) तिचा मूळ अवयव एक तर ३, नाही तर १८ ने भागल्यावर बाकी १ देणारा. अंकबेरीज २८, म्हणजे ३ बाद. उरल्या फक्त १७: १९, ३७, ७३, १०९ अशा ५७७ पर्यंत. एकीनेही भाग जात नाही.

म्हणजे आपली संख्या ३² × ३७ × ३,३३,६६७. विभाजक मोजताना ९ ला एकच अवयव धरलात तर २ × २ × २ = ८ येतील. घातांकात १ मिळवून गुणा: ३ × २ × २ = १२. निसटलेले चार म्हणजे ३, १११, १०,०१,००१ आणि ३,७०,३७,०३७.

आता या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग. तो एक्सेलमध्ये काढू नका. तिथे पंधराच अंक टिकतात, त्यामुळे शेवटच्या २१ ऐवजी ००  दिसतात. खरा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांना ‘डेमलो’ म्हटलं, मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनच्या नावावरून. हा जिना पुढे असाच चढत जाईल असं मात्र धरू नका. दहा एकांचा वर्ग उभ्या मांडणीत करून बघा: मधल्या रकान्यात दहा एक जमतात, हातचा येतो आणि उत्तर निघतं १२३४५६७९००९८७६५४३२१.