राउटर रीबूट झाला आणि फ्लो, म्हणजे राउटर पाठवतो त्या नेटवर्क वाहतुकीच्या नोंदी, दिसेनासे झाले?

लगेच सगळं नव्याने कॉन्फिगर करत बसू नका. आधी कलेक्टरवर (या नोंदी गोळा करणाऱ्या सर्व्हरवर) टीसीपीडंप हे पॅकेट दाखवणारं साधन लावा आणि तुमच्या पोर्टवर, बहुतेकदा २०५५, यूडीपी पॅकेट येतात का ते बघा.

येत असतील तर थोडं थांबा. नेटफ्लो ९ आणि आयपीफिक्स या फ्लो पाठवण्याच्या पद्धतींमध्ये नवा टेम्प्लेट (नोंदीत कोणती माहिती कुठे आहे ते सांगणारा साचा) मिळेपर्यंत कलेक्टरला डेटा उलगडता येत नाही. टेम्प्लेट पाठवण्याचा अवधी ६० सेकंदांवर आणा, हा त्रास बराच कमी होतो. तरीही आलेख रिकामाच? मग राउटरचं घड्याळ बघाच. एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची सोय) जुळलेलं नसेल तर नोंदी जुन्या तारखेला जाऊन पडतात, आणि आपण आजच्या पानावर शोधत राहतो.

पॅकेटच येत नसतील तर कॉन्फिग सेव्ह केलेलं होतं का आणि सोर्स इंटरफेस (ज्याच्या पत्त्यावरून फ्लो पाठवले जातात तो) अप आहे का, ते तपासा. सोर्स लूपबॅकच, म्हणजे राउटरमधला आभासी इंटरफेसच, ठेवावा.