चंब्याला निघताना: लोकर कमी, मोजे जास्त

चंबा हिमाचलात आहे म्हटल्यावर बॅगेत सगळ्यात आधी स्वेटर पडतात, आणि पहिली चूक तिथेच होते. रावीकाठचं हे गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम 1000 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही खाली. हे इंग्रजांनी वसवलेलं थंड हवेचं ठिकाण नव्हे. दहाव्या शतकात राजा साहिल वर्मनने भरमौरहून इथे राजधानी हलवली, आणि राजधानीला लागते तशी दरीतली सपाट जागा निवडली. मे-जूनच्या दुपारी इथे चांगलंच तापतं. तेव्हा सुती कपडे, टोपी आणि माणशी एक लिटरची पाण्याची बाटली हवी. स्वेटर एकच घ्यावा, तोही 24 किलोमीटरवरच्या खज्जियारसाठी. ते सुमारे 1900 मीटरवर असल्याने तिथली संध्याकाळ मे महिन्यातही गार असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जाणार असाल तर मात्र गरम कपड्यांत काटकसर नको.

तारखा ठरवताना मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर धरावा. जुलैच्या शेवटच्या रविवारी मिंजर मेळा सुरू होऊन आठवडाभर चालतो. मक्याच्या तुऱ्यासारखा रेशमी गोंडा कपड्यांवर लावून सगळं गाव चौगानावर, म्हणजे गावातल्या मोठ्या मैदानावर लोटतं. तो पाहायचा तर खोली महिनाभर आधी पक्की करावी आणि परतीच्या प्रवासात एक दिवस रिकामा ठेवावा, कारण पावसात दरड कोसळली की रस्ता तासभर अडेल की दिवसभर, कुणीच सांगू शकत नाही. दसऱ्यानंतर एप्रिलपर्यंत गवत वाढावं म्हणून चौगान बंद असतं. मुलांना मैदानावर खेळवायच्या बेताने हिवाळ्यात जाणाऱ्यांना कडेकडेनेच फिरावं लागतं.

रेल्वेने पठाणकोटला उतरून पुढे बस धरायची. तिकीट काढताना पठाणकोट कॅन्ट आणि पठाणकोट जंक्शन ही दोन वेगळी स्थानकं आहेत, हे लक्षात असू द्यावं. जम्मूकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या कॅन्टला थांबतात, बसस्थानक मात्र जंक्शनपासून जवळ आहे. मधल्या रिक्षेचा वेळ धरूनच बस गाठावी. पठाणकोट ते चंबा सुमारे 120 किलोमीटर, बसने साधारण पाच तास. वाटेतल्या बनीखेत गावाच्या पुढे वळणं थांबत नाहीत. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी, वळणं सुरू झाल्यावर नव्हे. पोट अगदी रिकामं नको, तुडुंब भरलेलंही नको, आणि जागा पुढची धरावी. हिवाळ्यात डलहौसी-खज्जियारमार्गे यायचा मोह टाळावा. तो रस्ता बर्फाने बंद पडतो, बनीखेतचा खालचा रस्ता सहसा चालू असतो.

गावात पायीच फिरायचं, त्यामुळे पायांची तयारी सर्वांत महत्त्वाची. सहज काढता-घालता येतील अशा चपला आणि जाड मोज्यांचे दोन जोड बरोबर असू द्यावेत. लक्ष्मीनारायण मंदिराच्या आवारात सहा शिखरी देवळं एका ओळीत आहेत आणि अनवाणी फिरायचं ते दगडी फरशीवर. ती उन्हाळ्यात दुपारी चटके देते, पावसाळ्यात निसरडी होते. शिवाय दुपारी काही वेळ गाभारा बंद असतो, म्हणून सकाळीच जावं. शिखरांवरच्या लाकडी छत्र्या बर्फ-पावसापासून बचावासाठी आहेत. मान वर केली नाही तर त्या राहूनच जातात. चौगानाजवळच्या हरिराय मंदिरातली विष्णूची धातूची मूर्ती 1971 मध्ये चोरीला गेली आणि सापडली ती मुंबईत! चामुंडादेवीच्या देवळाला जवळजवळ चारशे पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर गाडीने वर जावं आणि पायऱ्यांनी उतरण्याच्या फंदात पडू नये, गुडघ्याला उतारच जास्त बाधतो.

भूरीसिंह संग्रहालय 1908 मध्ये सुरू झालं. ते सोमवारी बंद असतं, तेव्हा मुक्कामाचा एकच पूर्ण दिवस सोमवारी येऊ देऊ नये. त्याला दोन तास द्यावेत. ताम्रपट, पहाडी लघुचित्रं आणि पाणवठ्यांवरच्या कोरीव शिळा घाईने पाहण्यासारख्या नाहीत. राजवैभव बघायचं ते इथे. राजांच्या जुन्या अखंड चंडी महालात बराच काळ सरकारी महाविद्यालय होतं, तिथे सजवलेल्या दालनांची अपेक्षा ठेवू नये.

चंबा रुमाल विकत घेण्याआधी संग्रहालयातले जुने नमुने नीट पाहून घ्यावेत. अस्सल भरतकामाचा रुमाल दोरुखा, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखा दिसणाऱ्या टाक्याचा असतो, पीळ नसलेल्या रेशमी धाग्याने भरलेला. तो उलटा करावा. मागे गाठी, लोंबते धागे किंवा फिकट आकृती दिसली तर तो सोडून द्यावा. एका रुमालाला आठवडे, कधी महिने लागतात, म्हणून स्वस्त मिळाला की आनंदाऐवजी शंका यावी. घडी घातली तर रेशमावर मोड पडते. पुठ्ठ्याची नळी घरून न्यावी आणि त्यावर गुंडाळून आणावा.

भरमौर साठेक किलोमीटरवर आहे, पण जायलाच तीन तास धरावेत. सकाळी सातला निघालं तरच लक्षणादेवीच्या देवळातलं सातव्या शतकातलं लाकडी कोरीवकाम निवांत पाहून उजेडात परतता येतं. जन्माष्टमी ते राधाष्टमी मणिमहेशची यात्रा असते, तेव्हा हा रस्ता टाळावा. ऑगस्ट 2025 मध्ये अतिवृष्टीने तो तुटला आणि हजारो यात्रेकरू भरमौरला अडकून पडले.

जेवणात राजम्याचा मदरा चुकवू नये. तो दह्यात शिजवतात, तिखट नसतो. तिखटाची हौस चुख भागवतं. ही मिरचीची चटणी बरणीतून आणायची तर झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा, वरून चिकटपट्टी आणि दोन पिशव्या, एवढं करावंच. वळणांवर तेल हमखास बाहेर येतं. विमानाने परतणाऱ्यांनी बरणी हातातल्या बॅगेत न ठेवता सामानात द्यावी, आणि रुमाल बरणीच्या बॅगेत ठेवू नये.