पॅक ओला निघाला तर

ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नव्याने लागलेल्या मुली आधी हात किती मिनिटं धुवायचे ते विचारतात. दोन ते पाच, हात धुवायच्या औषधाच्या बाटलीवर जेवढी लिहिली असतील तेवढी. बोटं वर, कोपर खाली. झालं. माझा जीव मात्र ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने अवजारं निर्जंतुक करायच्या मशीनच्या, दाराशी अडकलेला असतो, त्यातून इंदूरचा पावसाळा असला तर विचारूच नका.

व्हॅक्यूमच्या (आतली हवा ओढून काढणाऱ्या) मशीनची सकाळची पहिली फेरी बॉवी-डिक चाचणीची, म्हणजे हवा पूर्ण निघते का ते कागदावर बघायची, दुसरं काही न भरता. कागदाचा रंग सगळीकडे सारखा बदलला नाही तर आत हवा राहतेय. त्या मशीनमध्ये अवजारांचे सेट लावू नका. सेट धुताना बोअरचं पाणी असेल तर शेवटचा हात आरओच्या पाण्याचा, नाहीतर पांढरे डाग बसतात. आर्टरी फोर्सेप्सचं (रक्तवाहिनी पकडायच्या चिमट्याचं) लॉक उघडं ठेवा. कापडाचे पॅक (निर्जंतुक करायला बांधलेले गठ्ठे) वरच्या खणात, धातूचे खाली. वाट्या कलत्या, म्हणजे पाणी साचत नाही. आणि कोंबू नका हो!

134 अंशांवरची तीन-चार मिनिटं निर्जंतुकीकरणाची. वाळवायचा वेळ वेगळा, आणि नेमकी तिथेच घाई होते. गरम पॅक गार स्टीलवर ठेवला की खालून पाणी सुटतं आणि ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत शिरतात. म्हणून गार होईपर्यंत रॅकवरून हलवायचा नाही.

ओला पॅक परत पाठवला की आमचे भैया हमखास म्हणतात, "टेप तो काली हो गई ना, सिस्टर?" पॅकवर बाहेरून लावलेली टेप काळी म्हणजे पॅक मशीनमधून निघालाय, एवढंच. पॅकच्या आतली इंडिकेटरची पट्टी (वाफ पोचली की रंग बदलणारी) बघा. आणि ती बदललेली असली तरी ओला पॅक बाद. सर्जन हात पुढे करून उभे असतील, तरी "वाटतंय जरा ओलं" असं पुटपुटू नका. "सर, सेट ओला आहे, दुसरा उघडते," एवढं मोठ्याने म्हणायचं. सर चिडतात, चिडू द्या.

गाऊनचा समोरचा भाग छातीपासून टेबलाच्या उंचीपर्यंतच स्टेराइल (निर्जंतुक), बाह्या कोपरावर दोन इंचांपर्यंत. पाठ कधीच नाही.

वॉर्डात आदल्या दिवशीच सांगून ठेवा: पेशंटने घरी ब्लेड फिरवायचं नाही. काही काका उत्साहाने पोट तासून येतात, आणि त्या बारीक जखमांत जंतू घर करतात. केस आड येत असतील तरच काढायचे, तेही क्लिपरने.