ओल आलेली भिंत रंगवायची कशी: रंगाच्या आधीचं खरं काम

गणपती झाले की सगळ्यांना घर रंगवायचं आठवतं. दिवाळी तोंडावर असते, पेंटर तारीख देत नसतो, आणि भिंत मात्र चार महिने पाऊस पिऊन बसलेली असते. अशा घाईत मारलेला रंग फोटोत छान दिसतो आणि पुढच्या जुलैत त्याच कोपऱ्यात, त्याच जागी पोपडे धरतो. मग लोक रंगाच्या कंपनीला शिव्या घालतात. बहुतेक वेळा रंगाचा काही दोष नसतो हो, रंग फक्त ओल्या भिंतीवर बसलेला असतो.

शेड निवडणं, सामान खोलीच्या मधे ओढून झाकणं, स्विचबोर्डला टेप लावणं हे सगळं तुम्हाला येतं, त्यावर वेळ घालवत नाही. कोरडी भिंत रंगवणं अवघड नाहीच. अडतं ते ओलीपाशी, आणि मला स्वतःला हीच पायरी समजायला सगळ्यात जास्त काळ लागला कारण जो तो वेगळंच सांगायचा.

१. पाणी कुठून येतंय ते शोधा

हे कळल्याशिवाय एक रुपयाचंही मटेरियल आणू नका. पेंटर भिंतीकडे बघून लगेच "वॉटरप्रूफ मारू साहेब" म्हणेल, त्याला थांबवा. डाग कुठे आहे आणि तो कधी वाढतो, या दोन गोष्टी नीट बघितल्या की निम्मं उत्तर मिळतं.

डाग फक्त पावसाळ्यात येत असेल आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात असेल तर खिडकीची फ्रेम आणि भिंत यांच्यातली फट बघा, सिलचा (खिडकीखालच्या कट्ट्याचा) उतार आत आहे का बाहेर ते बघा, वर छज्जा असेल तर छज्जा आणि भिंतीचा जोड बघा. एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक पण विसरू नका, ते बऱ्याचदा नुसतं बोळा कोंबून सोडलेलं असतं आणि सगळे दुसरीकडे शोधत बसतात. छताला डाग असेल तर वर गच्ची आहे का कोणाचं बाथरूम आहे ते आधी बघा. गच्ची असेल तर डाग पावसाबरोबर येणार-जाणार, बाथरूम असेल तर तो मे महिन्यातही ओलाच राहणार.

बारा महिने ओली असलेली भिंत म्हणजे जवळजवळ नक्की बाथरूम, संडास किंवा किचनच्या सिंकमागची भिंत. इथे दोन शक्यता, एकतर फरशीतून आणि नहाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) कडेने पाणी झिरपतंय किंवा भिंतीतला पाइप गळतोय. ट्रॅप बंद करून फरशीवर दोन बोटं पाणी भरा, एक दिवस तसंच ठेवा आणि पलीकडच्या भिंतीवर किंवा खालच्या मजल्यावर डाग वाढतो का बघा. पाण्यात थोडा रंग टाकला तर आणखी सोपं. यात काहीच झालं नाही तर प्लंबरकडून पाइपलाइनची प्रेशर टेस्ट करून घ्या. टाइल्स फोडायचा निर्णय त्यानंतरच. आधी फोडाफोडी करून मग शोधणारे प्लंबर मी पुष्कळ पाहिलेत, त्यांच्या नादी लागू नका.

आणि तळमजल्याच्या घरात किंवा गावाकडच्या जुन्या घरात जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच सलग पट्टा ओला दिसत असेल, वर भिंत ठणठणीत असेल, तर ते पाणी जमिनीतून वर चढतंय. हा प्रकार पूर्ण बंद करणं कठीण असतं, त्याबद्दल खाली सांगतो.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं, महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची आणि बाहेरच्या भिंतींमुळे होणारी गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे, खर्च सोसायटीचा. संडास, सिंक यांच्या अंतर्गत गळतीचा खर्च मात्र संबंधित सभासदांचा. त्यामुळे स्वतःच्या खिशातून बाहेरची भिंत करायच्या आधी सेक्रेटरीला फोटोसकट लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून काही होत नाही.

२. पाणी बाहेरच्या बाजूने बंद करा

इथे माझं मत अगदी ठाम आहे. आतून वॉटरप्रूफ कोटिंग मारून ओल जात नाही. भिंतीत शिरणारं पाणी शिरतच राहतं, त्याला आतल्या बाजूने बाहेर पडायला वाट मिळत नाही, मग ते कोटिंगलाच मागून ढकलतं, फुगे येतात आणि एक दिवस पुट्टीसकट पापुद्रा निघतो, नाहीतर कोटिंग जिथे संपतं त्याच्या पलीकडे नवा डाग उमटतो. आतून मारणं स्वस्त पडतं, परांची बांधायला लागत नाही, म्हणून ते सगळे सुचवतात. बाहेरच्या भेगा भरा, जोड सील करा, गच्चीचा उतार आणि पाणी जायची तोंडं नीट करा, मग बाहेरून कोटिंग. हे काम उन्हाळ्यात करायचं, आणि रंग त्यानंतर. बाहेरचं करणं शक्यच नसेल तर निदान महागडा रंग तरी त्या भिंतीवर घालवू नका.

३. खरवडा, आणि मन घट्ट करून खरवडा

खरवडायच्या पत्र्याने सगळे पोपडे काढा. मग हाताच्या पेराने भिंत ठोकत जा, जिथे पोकळ आवाज येईल तिथलं प्लॅस्टर सुटलेलं आहे, ते विटेपर्यंत काढायचं. "एवढं चालतंय" म्हणून ठेवलेलं पोकळ प्लॅस्टर सगळ्यात आधी पडतं.

भिंतीवर पांढरी पिठासारखी पावडर किंवा कापसासारखे तंतू दिसत असतील तर तो खार आहे. विटा-सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. खार ओल्या फडक्याने पुसायचा नाही, तो विरघळून परत आत जातो! कोरड्या ब्रशने झाडा, खाली पडलेला गोळा करून फेका, आठवड्याने परत बघा, आला असेल तर परत झाडा. यायचा थांबला की समजा पाणी बंद झालं. बुरशीचं उलटं असतं, ती कोरडी घासली तर तिची धूळ घरभर उडते. एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी करून लावा, पंधरा-वीस मिनिटांनी धुवा, खिडक्या उघड्या ठेवा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा संडास साफ करायचं लिक्विड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. खार का बुरशी ते कळत नसेल तर वर पाण्याचा थेंब टाका, खार विरघळतो, बुरशी तशीच राहते.

घर जुनं असेल आणि दारं-खिडक्या-भिंतींना जुना ऑइल पेंट असेल तर कोरडा पॉलिश पेपर मारू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात ते भरपूर असू शकतं. पाणी लावून घासा, मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बाई असेल तर त्यांना त्या दिवसांत घरात ठेवूच नका.

४. वाळू द्या

सगळी गडबड इथेच होते. पाणी आज बंद केलं म्हणजे भिंत उद्या कोरडी होत नाही. ढोबळ हिशोब असा की जाडीच्या प्रत्येक इंचाला महिनाभर धरायचा, म्हणजे साडेचार इंची विटांची भिंत पार भिजली असेल तर चार-पाच महिने जाऊ शकतात. थोडंच भिजलेलं असेल तर ऑक्टोबरच्या उन्हात लवकर होतं. खरवडलेली भिंत तशीच उघडी ठेवा, पंखा सोडा, कपाट लांब ढकला. पाहुणे येणार आहेत, उघडी वीट वाईट दिसते, मान्य आहे, पण झाकू नका. दिवाळीला बाकीचं घर रंगवा आणि ती एक भिंत मार्चमध्ये करा, यात काहीही कमीपणा नाही.

कोरडी झाली का ते हात लावून कळत नाही. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा जाडसर कागद घ्या, चारही कडा टेपने पक्क्या चिकटवा, एक दिवस ठेवा. काढल्यावर आतून घाम दिसला किंवा खालची भिंत गडद झाली असेल तर अजून थांबा. पेंटर ब्लोअर किंवा हॅलोजन लावून दोन तासांत वाळवून देतो म्हणाला तर नाही म्हणा, त्याने फक्त वरची कातडी वाळते.

नवीन प्लॅस्टर केलं असेल तर त्यालाही निदान २८ दिवस द्या.

जमिनीतून ओल चढणाऱ्या भिंतीला ऑइल पेंट किंवा चकचकीत प्लास्टिक पेंट लावू नका, ओल कोंडून आणखी वर चढते. खालच्या तीन फुटांना चुना लावा, भिंत श्वास घेते आणि दरवर्षी परत मारणं स्वस्त पडतं. टाइल्स लावून झाकायचा सल्ला हमखास मिळेल, ऐकू नका, ओल टाइल्सच्या वर निघते.

५. पुट्टी, प्रायमर, रंग

ओलीचा इतिहास असलेल्या भिंतीला व्हाइट सिमेंटची पुट्टीच वापरा, पीओपी (प्लॅस्टर ऑफ पॅरिस) अजिबात नको, पाणी लागलं की ते मऊ पडतं. व्हाइट सिमेंटची पुट्टी हलकं पाणी मारलेल्या भिंतीवर थेट लागते, ॲक्रिलिक पुट्टीला खाली प्रायमर लागतो, पेंटर दोन्ही सारखंच वागवतात म्हणून उभं राहून बघा. दोन-तीन तासांत संपेल एवढीच कालवायची. पातळ दोन हात, सगळी मिळून दीड मिलिमीटरच्या वर नको, खड्डे असतील तर ते प्लॅस्टरने भरा. वाळली की पॉलिश पेपर, धूळ पुसा, प्रायमर.

रंगाचे दोन कोट, मधे चार तास, हवा दमट असेल तर जास्त. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच.

उरलेला रंग घट्ट झाकण लावून ठेवा, डब्यावर शेडचा नंबर आणि खोली लिहा. कपाट परत लावताना भिंतीपासून चार बोटं सोडा.