३ ग्रॅमचं विमान मंगल कार्यालयात कसं उडवावं

पीळ दिलेल्या रबरावर प्रोपेलर फिरवून बंद दालनात उडणारं हे हलकं मॉडेल-विमान. बेळगाव-खानापूरच्या पावसात ते मैदानावर न्यायचंच नाही. चातुर्मासात मुहूर्त नसल्यामुळे मंगल कार्यालयं, म्हणजे इकडचे कल्याण मंटप, रिकामी असतात, तिथे विचारा. पंखे बंद, दारं-खिडक्या बंद. वर पत्रा असेल तर सकाळी लवकर उरका. पत्रा तापला की आतली हवा चाळवते.

एफ-वन-डी या बंद दालनातल्या रबरी विमानांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा-गटातलं विमान ५५ सेंमी पंखांचं, रबर सोडून १.४ ग्रॅमचं असतं आणि अर्ध्या तासाहून जास्त उडू शकतं. पहिल्याच खेपेला त्याच्या नादी लागू नका. ४५ सेंमी पंख, ३० सेंमी प्रोपेलर, रबर सोडून ३ ग्रॅम, एवढं पुरे.

बाल्सा या अतिहलक्या लाकडाची १.६ मिमी जाड, ७५ मिमी रुंद, ९१५ मिमी लांब फळी १० ग्रॅमच्या आत भरली तरच घ्या. बांबू कितीही तासला तरी कित्येक पट जड. फेव्हिकॉल टाचणीच्या टोकावर मावेल तेवढाच. सांगाड्यावर ड्रायक्लीनरचं पातळ प्लास्टिक, ढिलं. ताणलंत तर सांगाडा पिळतो.

पंख ज्यांवर उभा राहतो ते पुढचा-मागचा दोन्ही खांब दांड्यावरच्या कागदी नळ्यांत बसवा, चिकटवू नका. पुढची सगळी जुळवाजुळव त्या नळ्यांवरच आहे.

मागून पाहिल्यावर प्रोपेलर घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे रबराच्या पिळाचा जोर विमानाला डावीकडे कलंडवतो. म्हणून घिरट्याही डावीकडेच घ्यायच्या. डावा पंख उजव्यापेक्षा १-२ सेंमी लांब ठेवा आणि त्याची पुढची कड टोकाशी ३ मिमी वर पिळा. शेपटीचं डावं टोक थोडं उंच. त्याने नाक डावीकडे वळतं. पंखाचा हा पीळ विसरलात तर पूर्ण चावी दिलेलं विमान डाव्या पंखावर पडून गिरकी घेत फरशीवर येतं, आणि लोक दोष रबराला देतात.

हाताने तरंगवून बघणं सोडा, त्यातून काही कळत नाही. रबराला ३०० फेरे द्या आणि समतल सोडा. नाक उचलून थबकत असेल तर पुढचा खांब अर्धा मिमी खाली. नाक खाली घालून पळत असेल तर अर्धा मिमी वर. एका वेळी एकच बदल. नाकाला मेण लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकून सोडून द्या: ३ ग्रॅममध्ये पाव ग्रॅम मेण म्हणजे आठ टक्के वजन फुकट.

कमी फेऱ्यांवर घिरट्या नीट जमल्या की मगच जास्त पीळ. २.४ मिमी रुंद रबराचा ३८ सेंमी लूप सिलिकॉन तेल लावून चौपट ताणा, निम्मे फेरे तसेच द्या, उरलेले देत देत जवळ या. स्टेशनरीच्या दुकानातले रबरबँड नकोत. पीळ पूर्ण झाल्यावर ५०-६० फेरे उलटे सोडा. सुरुवातीचा झटका मरतो आणि विमान छताला धडकत नाही.

डबीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. ओलीत बाल्सा जड होतो आणि वाकतो. झुंबरात अडकलं तर काठीने ढोसू नका. दोऱ्याला बांधलेला गॅसचा फुगा खालून हलकेच लावला की सुटतं.