धंद्याचा प्रवासखर्च: अमेरिकेतलं रिटर्न भरण्याआधीची तयारी

आधी हातातला कागद बघा: डब्ल्यू-२ (कंपनी नोकरदाराला देते तो पगाराचा फॉर्म) आहे की १०९९ (स्वतंत्रपणे काम करणाऱ्याला मिळतो तो कमाईचा फॉर्म)? नोकरदार असाल, तर कंपनीने न दिलेला प्रवासखर्च फेडरल रिटर्नमध्ये २०१८ पासून वजा होत नाही, आणि २०२५ च्या कायद्याने ही सवलत कायमचीच गेली. राखीव सैनिकांसारखे मोजके अपवाद सोडले, तर कंपनीकडे पैसे मागणं हाच मार्ग. पावत्या मात्र फेकू नका. कॅलिफोर्निया, पेनसिल्व्हेनिया अशा काही राज्यांच्या रिटर्नमध्ये अजून वाव आहे.

स्वतःचं काम असेल, तर सगळं शेड्यूल सी वर, म्हणजे रिटर्नसोबतच्या धंद्याच्या नफ्यातोट्याच्या फॉर्मवर येतं. गाडीची वही काढा: तारीख, कुठे, कशासाठी, किती मैल. २०२५ साठी कामाच्या मैलाला ७० सेंट वजा करता येतात. ही वही त्या त्या दिवशीच लिहा, मार्चमध्ये आठवून लिहिलेली वही तपासणीत टिकत नाही. टोल आणि पार्किंग वेगळं धरा. हॉटेलची पावती रक्कम कितीही असो, हवीच. बाकी खर्चाची ७५ डॉलरपासून पुढे. प्रवासातल्या जेवणाचा निम्माच खर्च धरतात.

आता भारतवारी, कारण आपल्या लोकांची खरी चूक इथे होते. पुण्यात क्लायंटची कामं आणि सोबत मावसभावाचं लग्न, असा प्रवास असेल तर कॅलेंडर घेऊन दिवस मोजा. जाण्यायेण्याचे दिवस कामाचे धरतात, आणि दोन मीटिंगांमध्ये अडकलेला शनिवार-रविवारही. प्रवास मुख्यतः कामासाठी असला पाहिजे. घरच्यांसाठी गेलात आणि एक मीटिंग उरकलीत, तर तिकीट विसरा. मुक्काम आठवड्याहून जास्त असेल, तर खासगी दिवस पाव हिस्स्याच्या आत ठेवा. वीस दिवसांत चार घरचे असले तर पूर्ण तिकीट चालतं. सहा झाले की सत्तर टक्केच. बायकोचं किंवा नवऱ्याचं तिकीट यात घालू नका, ते तुमच्या धंद्यात खरोखर नोकरीला असून कामासाठीच आले असतील तर गोष्ट वेगळी. आईबाबांकडे राहिलात तर मुक्कामाचा खर्चच नाही, म्हणून तिथे आकडाही नाही.

मीटिंगच्या ईमेल, बोर्डिंग पास आणि कोणाला कधी भेटलात त्याची टिपणं एकाच फोल्डरमध्ये घाला. थर्मल कागदावरच्या पावत्यांची शाई उडते, त्यांचे फोटो आजच काढा. रिटर्न भरल्यावरही हे फोल्डर निदान तीन वर्षं जपून ठेवा.