मरीन टँकला शेवाळ आलंय? आधी कुठलं ते बघा

मरीन टँक, म्हणजे समुद्री माशांची खाऱ्या पाण्याची टाकी, चालू करून दोन-तीन महिने झाले की बेळगावात काय आणि निपाणीत काय, सगळ्यांचा एकच प्रश्न असतोय, दगडावर शेवाळ धरलंय, कुठलं औषध टाकू? औषध टाकू नका. दगडावर आणि वाळूवर जे वाढतंय ते पाच-सहा वेगवेगळ्या प्रकारचं असू शकतंय आणि एकाचा जो उपाय तोच दुसऱ्याला खतपाणी घालतोय, म्हणून आधी ओळखायचं. आणि गोड्या पाण्याच्या टाकीसाठी दुकानात शेवाळ मारायच्या ज्या बाटल्या मिळतात त्यांना तर हातच लावू नका, त्यातल्या बऱ्याच औषधांत तांबं असतंय, आणि तांब्यानं गोगलगाई, झिंगे, कोरल (प्रवाळ) सगळं मरतंय.

टँक नवा असेल आणि वाळूवर, काचेवर तपकिरी धूळ बसल्यागत दिसत असेल, बोट फिरवलं की उडून जात असेल, तर ते डायटम, एकपेशीय बारीक शेवाळ. पाण्यातल्या सिलिकेटवर जगतंय. काही करू नका, काच पुसा, पाणी चांगलं वापरा, काही आठवड्यांत आपोआप जातंय. यासाठी पैसे घालवायची गरजच नाही.

लाल-जांभळी, सायीसारखी पापुद्र्यात निघणारी असेल तर ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे खरं तर शेवाळ नव्हेच, जिवाणू आहेत. जिथं पाणी फिरत नाही आणि खाली घाण साठलीय तिथं ते बसतंय. पातळ नळी घेऊन पाणी बदलताना सायफननं ओढून काढायचं, वेव्हमेकरचं, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाचं, तोंड त्या कोपऱ्याकडं वळवायचं, वाळूवरची घाण उपसायची. त्याच्यासाठी अँटिबायोटिकवाली पावडर मिळतीय, पण ती शेवटचा उपाय, टाकली की पाण्यातला ऑक्सिजन उतरतोय आणि रात्री मासे वर येऊन धापा टाकायला लागतात, एअर पंप जोरात चालू ठेवल्याशिवाय ती वापरायची नाही.

आता सगळ्यात जास्त छळणारं, हिरवं केसाळ शेवाळ. याचं खाणं नायट्रेट आणि फॉस्फेट. इथं लई जण फसतात ते टेस्ट किटवर. किट म्हणतंय फॉस्फेट शून्य आणि दगडावर तर बोटभर केस उगवलेत, हे कसं काय? तर शेवाळच सगळं खाऊन टाकतंय, पाण्यात मोजायला उरत नाही. म्हणून आकडा शून्य आला म्हणून निवांत बसू नका, फॉस्फेट येतंय कुठनं ते शोधा.

तर ते येतंय कुठनं? आमच्या भागात पहिला संशय पाण्यावरच घ्यायचा. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतंय, प्यायला चांगलं, पण रीफ टँकला, म्हणजे कोरल असलेल्या टाकीला, थेट चालत नाही. चिक्कोडी-अथणीकडं उसाचा पट्टा, रानात युरिया पडतोय, तिथल्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट असू शकतंय. "आमच्यात आरओ आहे की" असं म्हणून बरेच जण किचनमधल्या आरओचं पाणी घेतात. पण घरच्या बऱ्याच आरओला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतोय, चव यावी म्हणून तो मूळ पाणीच परत थोडं मिसळतोय, वर मिनरलची कँडल. टीडीएस मीटर घ्या, फार महाग नसतंय, आणि नळीखाली धरून बघा, ५०-६० आला तर ते पाणी टँकचं नव्हे. मेंब्रेनच्या लगेच पुढनं, कंट्रोलरच्या आधी फाटा काढायचा, त्याला डीआय रेझिनचा (उरलेसुरले क्षार धरून ठेवणारे दाणे) कार्ट्रिज जोडायचा, मीटर ० दाखवला पाहिजे. रेझिनचा रंग बदलला किंवा मीटर १-२ दाखवायला लागला की रेझिन बदला, अजून आठवडाभर चालेल म्हणून ओढत बसू नका. आणि रोज जे पाणी आटतंय त्याची भर घालतानापण हेच पाणी, मीठ न घालता.

कारवार नाहीतर गोव्याला गेलं की कॅन भरून समुद्राचं पाणी आणणारेपण आहेत. पावसाळ्यात तर नकोच, काळी नदी कारवारला समुद्रात मिळतीय आणि तिकडं मांडवी, पूर आला की किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ होतंय, खारटपणा उतरतोय आणि रानातली सगळी खतं-माती त्यात असते. चांगलं सॉल्ट मिक्स (टँकसाठीचं तयार समुद्री मीठ) आणि डीआय पाणी, खारटपणा विशिष्ट गुरुत्वात १.०२५, हेच बरं. आणि तिथनं कोरलचा तुकडा उचलून आणू नका, जिवंत असो की मेलेला. खडकाळ कोरलला वन्यजीव संरक्षण कायद्याचं २००१ पासून संरक्षण आहे.

फॉस्फेट यायचा दुसरा रस्ता माशांच्या खाण्याचा. फ्रोझन क्यूब, म्हणजे गोठवलेल्या खाण्याची वडी, थेट टाकीत टाकू नका, चहाच्या गाळणीत घेऊन वितळवा, धुवा, पाणी सिंकमध्ये. दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला. तिसरा, जुना वापरलेला दगड, दुसऱ्याच्या टँकमधनं स्वस्तात घेतलेला, त्याच्या आतनं महिनोन् महिने फॉस्फेट बाहेर येत राहतंय.

शेवाळाचं खाणं तोडलं तरी उगवलेलं शेवाळ हातानंच काढायला लागतंय, त्याला पर्याय नाही. सुटणारा दगड असेल तर बाहेर काढा, टँकचंच खारं पाणी बादलीत घ्या आणि त्यात धरून जुन्या टूथब्रशनं घासा. टाकीत घासायचं नाही, एकेक तुकडा उडून दुसऱ्या दगडावर बसतोय. मुळाशी उरलेल्या हिरव्या खुंटांवर हायड्रोजन पेरॉक्साइड लावा. मेडिकलमध्ये मिळतं ते बहुतेक ६ टक्क्यांचं असतंय, बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं, तेवढंच डीआय पाणी मिसळून ३ टक्के करा. ड्रॉपरनं लावलं की दगड फसफसतोय, बुडबुडे येतात, तीन-चार मिनिटं ठेवा, खाऱ्या पाण्यात खळबळून परत टाकीत ठेवा. पुढच्या दोन-तीन दिवसांत ते खुंट पांढरे पडतात. कोरलवर थेंब पडू देऊ नका, झिंग्यांनापण ते सोसत नाही.

केसांऐवजी पिसासारखं दिसत असेल, मधे एक शीर आणि दोन्ही बाजूंनी बारीक फांद्या, तर ते ब्रायॉप्सिस. ते उपाशी ठेवूनसुद्धा मरत नाही. त्याला फ्लुकोनाझोल, हे बुरशीवरचं औषध, चालतंय, लिटरला साधारण ५ मिलिग्रॅम, म्हणजे १५० ची एक गोळी ३० लिटरला, फिल्टरमधला कार्बन काढून ठेवायचा आणि दोन-तीन आठवडे धीर धरायचा. भिंग लावून खात्री केल्याशिवाय मात्र नको. हरभऱ्याएवढे चकचकीत हिरवे फुगे असतील तर ते बबल अल्गी, फोडायचे नाहीत, बुडाशी नख घालून अख्खे काढायचे.

आता ज्याच्यामुळं मी हे सगळं लिहायला बसलोय ते डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट, एकपेशीय जीव. तपकिरी, चिकट, तारा सुटलेल्या, टोकाला हवेचे बुडबुडे, दिवसा गच्च आणि रात्री दिवा बंद झाला की निम्मं गायब. लोक डायटम समजून पाणी बदलत सुटतात, फॉस्फेट काढायची पावडर लावतात, आणि डायनो आणखी माजतंय, कारण नायट्रेट-फॉस्फेट शून्याला टेकलं की दुसरे जीव उपाशी मरतात आणि यांना मोकळं रान मिळतंय. संशय आला तर असं करा: थोडा चिकटा टँकच्या पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर पेपरमधनं गाळा, आणि खाली आलेलं पाणी उजेडात तासभर ठेवा. परत तारा होऊन गोळा झाला तर डायनो. हातमोजे घाला, यातल्या काही जाती विषारी असतात, गोगलगाई पटापट मरायला लागल्या तर तीच खूण.

डायनोला उपाय उलटा. पाणी बदलणं थांबवा, फॉस्फेटची पावडर काढा, माशांना जरा जास्त घाला, नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमवर आणा आणि तिथंच धरा. रात्री जी जात पाण्यात तरंगायला लागतीय तिला यूव्ही (पाणी ज्यातनं फिरवतात तो अतिनील दिवा) लावला की फरक पडतोय, वाळूतच राहणारीला यूव्हीचा उपयोग नाही, तिथं संयमच.

उजेड कशालाच जास्त नको, दिवसाला आठ तास बास, आणि खिडकीतनं थेट ऊन येत असेल तर पडदा. सम्प, म्हणजे टँकखालची फिल्टरची टाकी, असेल तर त्यात किटोमॉर्फा हे मुद्दाम वाढवायचं शेवाळ वाढवा, त्याचा दिवा रात्री लावा, तेच नायट्रेट-फॉस्फेट ओढून घेतंय आणि मूठभर काढून टाकलं की घाणपण बाहेर.

टर्बो, ट्रोकस गोगलगाई घासणी झाल्यावर सोडा, लांब वाढलेले केस त्या सहसा खात नाहीत, बारीक कोंब खातात. थोड्याच आणा, आणि टँक स्वच्छ झाला की त्या उपाशी पडतात हे ध्यानात ठेवा, नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा क्लिपला लावून रात्री काचेला अडकवा आणि सकाळी उरलेला काढून टाका, नाहीतर तोच कुजून परत फॉस्फेट देतोय.